सोमवारचा महाल

पंधरा वर्षांच्या संसारात यांनी माझ्यावर कधी हात उगारला नाही. पण चौऱ्याहत्तर सालच्या त्या हिवाळ्यात हे दर सोमवारी दुपारी घरी यायचे, हातपाय धुवायचे, रजिस्टर उघडायचे आणि मी सकाळी लिहिलेल्या आकड्यापुढे पेन्सिलीनं एक बारीक प्रश्नचिन्ह काढायचे. काढून झालं की पेन्सिल कानावर ठेवायची आणि म्हणायचं, "अंबिका, वाढ आता." माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. वाढायची मी, पण ताट आपटून.

हे म्हणजे शरच्चंद्र राशिनकर. नगरपासून चौदा किलोमीटरवर एक सरकारी बियाण्यांचा फार्म होता, त्याच्या कोपऱ्यात हवामानाचं ठाणं होतं. जाळीची पांढरी पेटी, तिच्यात तापमापक, शेजारी पाऊस मोजायचं भांडं, खांबावर वारा दाखवणारा पत्र्याचा बाण, आणि त्यालाच लागून आमची दोन खोल्यांची क्वार्टर. हे तिथले निरीक्षक. नोंद दिवसातून एकदाच, सकाळी साडेआठला. तापमान, वारा, पाऊस, आणि शेवटच्या रकान्यात दृश्यता. दृश्यता म्हणजे आज किती लांबचं दिसतंय ते.

त्याला यंत्र नव्हतं. शिडीनं क्वार्टरच्या गच्चीवर चढायचं आणि ठरलेल्या खुणा बघायच्या. शाळेची चिंच अर्धा किलोमीटर, खंडोबाचं देऊळ तीन किलोमीटर, आणि पलीकडे डोंगरावरचा चांदबीबीचा महाल नऊ किलोमीटर. सगळ्यांत लांबची जी खूण दिसेल तिचं अंतर लिहायचं. नगरच्या आसपास कुठंही उभं राहून मान वर केली की महाल दिसतोच, त्यासाठी माणूस नेमायची तरी काय गरज, असं मला वाटायचं.

त्या हिवाळ्यात यांना तो दिसेना. मंगळवारी तीन, बुधवारी तीन, रविवारपर्यंत तीन. आणि सोमवारी नऊ. कारण सोमवारी मी बघायची.

राशिनकरांकडे तीन पिढ्यांपासून एका महादेवाचा सोमवारचा अभिषेक होता. देऊळ दहा किलोमीटरवर. हे पहाटे सायकल काढायचे ते जेवायच्या वेळेला परत. ठाणं सोडून जायची परवानगी अर्थातच नव्हती. मी मॅट्रिक झालेली, तापमापक वाचता येत होता, आकडे मी भरायची आणि सही हे आल्यावर करायचे. फार्मच्या मच्छिंद्र मुकादमांना हे ठाऊक होतं, पण त्यांनी कुठं वाच्यता केली नव्हती. बारा वर्षं बिनबोभाट चाललं होतं.

आणि आता ही प्रश्नचिन्हं.

"वर चढली होतीस?" हे विचारायचे.

"चढले होते."

"महाल दिसला?"

"दिसला. कमानीसुद्धा मोजता आल्या असत्या."

"मग काल मला का दिसला नाही? परवा का नाही?"

"डोळे गेलेत तुमचे. चाळिशी उलटली, चष्मा करा."

"डोळ्यांचं सांगू नकोस. तू चढतच नाहीस. महाल तिथं आहे हे माहीत आहे, म्हणून चुलीपाशी बसून नऊ ठोकतेस."

म्हणजे मी खोटारडी. थंडीत, ओल्या शिडीवरून, नऊवारीचा काष्टा सावरत वर चढायचं, डोळे ताणून बघायचं, आणि वर खोटारडी. बाकीचे सहा दिवस त्या वेळेला मी स्वयंपाकात असायची आणि चुलीची खिडकी उगवतीला. महालाकडे बघायला मला सवड नव्हती. दुपारी ऊन तापलं की महाल यांनाही दिसायचा, तसं हे कबूलही करायचे, आणि मला जास्तच चेव यायचा. दुपारी दिसणारा महाल सकाळी काय फिरायला जातो? सकाळी यांच्या डोळ्यांवर झोप असते, दुसरं काय.

मी गप्प बसणारी बाई नव्हे. विहिरीवर धुणं आपटता आपटता मी सगळ्या फार्माला ऐकवलं की माझा नवरा आंधळा होत चाललाय आणि खापर माझ्यावर फोडतोय. एकदा नाही, चार-पाचदा ऐकवलं. मच्छिंद्र मुकादम पलीकडच्या वाफ्यात उभे होते, त्यांनीही ऐकलं. ऐकावं म्हणूनच मी आवाज चढवला होता.

फेब्रुवारीच्या शेवटी खात्याचं पत्र आलं. यांनी ते उभ्यानं वाचलं आणि खाटेवर बसले. मी हातातून ओढून घेतलं. मागची दहा वर्षं या ऋतूत तुमच्या ठाण्याची दृश्यता नऊच्या खाली क्वचितच गेली आहे. या वर्षी सोमवार सोडून रोज तीन आहे. नोंदी विश्वासार्ह वाटत नाहीत. पंधरा-वीस दिवसांत तपासणी होईल. समाधान न झाल्यास पदावरून दूर करून क्वार्टर ताब्यात घेतली जाईल. खाली सही होती नृसिंहराव म्हणून कुणा साहेबांची.

"झालं समाधान?" हे म्हणाले. "तुझ्या नऊंनी घात केला."

"माझ्या नऊंनी? दहा वर्षं नऊच होते, ते पत्रातच लिहिलंय. घात तुमच्या तिनांनी केला."

त्या दिवशी आम्ही जे भांडलो ते लिहिण्यासारखं नाही. माझ्या माहेरापासून यांच्या महादेवापर्यंत सगळं निघालं. शेवटी दमून मी म्हणाले, "येत्या सोमवारी जाऊ नका. माझ्याशेजारी उभे राहा आणि बघा."

"अभिषेक कोण करणार?"

"महादेवाला सांगा, बायको खोटं बोलते का ते तपासायचंय. तो समजून घेईल, त्यालाही बायको आहे."

हे हसले नाहीत, पण गेलेही नाहीत. चुलतभावाला निरोप धाडला. बारा वर्षांत पहिल्यांदा.

सोमवारी सव्वाआठला आम्ही दोघं गच्चीवर उभे राहिलो. समोर चिंच, देऊळ, देवळामागे माळ, माळामागे डोंगर, आणि डोंगराच्या टोकावर महाल, आठ कोनांचा, अगदी कोरून ठेवलेला. हे बघत राहिले. उपरण्यानं डोळे पुसले, पुन्हा बघितलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते आणि मला इतका आनंद झाला की आज आठवून लाज वाटते. खाली रोजंदारीवरची छबूबाई वाफ्यात खुरपत होती, ती मान वर करून म्हणाली, "काय बघताय दोघं जनं?" मी ओरडून सांगितलं, "तुझ्या मास्तरांना दिसायला लागलंय!" फार्मावर यांना सगळे मास्तर म्हणायचे.

हे खाली उतरले, स्वतःच्या हातानं नऊ लिहिलं आणि म्हणाले, "उद्या तू चढ. लिहायचंसुद्धा तूच."

मंगळवारी मी पोळ्या टाकून वर गेले. चिंच दिसली. देऊळ दिसलं, पण कळस मळका. आणि देवळामागे काही नव्हतं. माळ नव्हता, डोंगर नव्हता, महालाचा तर पत्ताच नव्हता. क्षितिजापासून हातभर वरपर्यंत एक तपकिरी पट्टा, आणि त्याच्यावर स्वच्छ निळं आभाळ. धुकं म्हणावं तर दव नव्हतं, थंडीसुद्धा सरत आली होती. मी पदरानं डोळे चोळले. पत्र्याचा बाण नगरकडे तोंड करून स्थिर उभा होता, म्हणजे वारा तिकडून येत होता. काल सकाळीही तो तसाच होता.

"काय दिसतंय?" खालून यांनी विचारलं.

मी पुन्हा एकदा देवळामागे बघितलं.

"कोण आंधळं झालं आता?"

हे शिडीवर असते तर मी ती ढकलून दिली असती. खाली आले आणि माझ्या अक्षरात तीन लिहिलं. दोघंही खरे होतो एवढं आता दोघांनाही कळलं होतं, आणि त्यातून काहीच सुटत नव्हतं. दोन चांगल्या डोळ्यांच्या माणसांना सोमवारी महाल दिसतो आणि मंगळवारी दिसत नाही, हे साहेबांना कुठल्या तोंडानं सांगायचं?

उत्तर दिलं छबूबाईनं, आणि आपण काही दिलं हे तिच्या गावीही नव्हतं. पुढच्या सोमवारी दुपारी तिचं खुरपणं झालं तेव्हा मी तिला चहा दिला. सहज विचारलं, "तू सोमवारीच कशी गं येतेस? बाकीचे दिवस कुठं असतेस?"

"नगरला. पहाटंच्या यष्टीनं भाकरी घेऊन जाती. फाउंड्रीच्या गेटावर इकती."

"मग आज?"

"आज भट्ट्या बंद असत्यात न्हवं. वीज कमी हाय म्हून दिवाळीपास्नं समद्या कारखान्यांस्नी सोमवारची सुट्टी. फाउंड्री बंद, तेलगिरनी बंद. माजी भाकर कोन खानार?" तिनं बशी तोंडाला लावली. "बाकीच्या दिशी तितं उभं ऱ्हावत न्हाई, बाई. औंदा नवं कारखानं झाल्यापास्नं लई धूर. सकाळच्या पारी धुराडी पेटली की समूरची भिंत दिसंना. घरी येऊन नाक शिकरलं की काळं येतं."

मी चहाचं पातेलं तिथंच ठेवलं आणि पळत आत गेले. हे नुकतेच महादेवाहून परतून घरच्या देवापुढे बसले होते. पूजेतून उठवलं त्यांना. सगळं ऐकून घेतल्यावर हे रजिस्टर घेऊन आले, चटईवर मांडलं आणि लग्नानंतर पहिल्यांदा मला म्हणाले, "इथं बस. माझ्याबरोबर वाच."

दिवाळीपासूनचा एकेक दिवस आम्ही बोटानं मोजला. एकही सोमवार चुकला नव्हता. आणि मध्येच, एका शनिवारी, यांच्या स्वतःच्या अक्षरात नऊ होते. तारीख सव्वीस जानेवारी.

"झेंडावंदन," मी म्हणाले. "भट्ट्या बंद. तुम्ही त्या दिवशी बोलला नाहीत मला, महाल दिसला म्हणून."

यांनी त्या नऊवर बोट ठेवलं. "मला वाटलं, त्या दिवशी डोळे जरा बरे होते."

मी विहिरीवर जे बोंबलत होते ते यांनी मनाला लावून घेतलं होतं. माझ्या आकड्यावर प्रश्नचिन्ह काढणारा हा माणूस रात्री कूस बदलताना स्वतःच्याच डोळ्यांना भीत होता. मला भडभडून आलं, आणि रागही आला. एवढं होतं तर बोलायचं की माझ्याशी.

साहेब आले गुरुवारी, जीपनं, बरोबर साडेआठच्या आधी. नृसिंहराव रंगानं गोरे, उंच, कपडे इस्त्रीचे, बोलण्यात फार गोड. गच्चीवर चढले, पट्ट्याकडे बघितलं, म्हणाले, "धुकं आहे."

"रोज असतं, साहेब," हे म्हणाले. "सोमवार आणि सव्वीस जानेवारी सोडून." आणि यांनी सगळं सांगितलं, भट्ट्या, वारा, सुट्टीचा वार. माझ्या नवऱ्याला इतकं सलग बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

साहेबांनी शांतपणे ऐकलं. खाली येऊन खुर्चीत बसले. दारात मच्छिंद्र मुकादम टोपी हातात घेऊन उभे. मी आतल्या दाराशी.

"राशिनकर, दुष्काळाची धूळ आहे ही. अजून बसली नाही."

"धूळ सोमवारची सुट्टी घेते का, साहेब?" मी आतून विचारलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "हवेला वार कळत नाही, राशिनकर. ज्या नोंदीला वार कळतो ती नोंद माणसानं बसून लिहिलेली असते. हे मी वर पाठवलं तर हसतील मला. नगरचा धूर चौदा किलोमीटर चालत येतो आणि सोमवारी विश्रांती घेतो!" मग त्यांनी पानं उलटली. "ही पेन्सिलीची चिन्हं कुणाची?"

"माझी," हे म्हणाले.

"बघा. तुमची तुम्हालाच खात्री नाही." त्यांचा आवाज आणखी गोड झाला. "मी तुमचं वाईट करायला आलेलो नाही. मुकादम सांगतात, तुमचे डोळे अधू झालेत. खुद्द तुमची बायको चारचौघांत म्हणते. तसं लिहून द्या. चष्मा करा. तिनाच्या जागी मी सगळीकडे नऊ करून घेतो, दहा वर्षांसारखं. नोकरी राहील, क्वार्टर राहील. बाई साक्षीला सही करतील."

त्यांनी कागद आधीच टाइप करून आणला होता. मुकादमांनी मान खाली घातली.

"माझे डोळे चांगले आहेत," हे म्हणाले.

"बाई, तुम्ही सांगा. म्हणाला होतात की नाही?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सगळा हिवाळा मला हेच हवं होतं. कुणीतरी सरकारी माणसानं म्हणावं की अंबिका खरी, तिचे नऊ खरे. आणि आता समोर कागद होता, माझे नऊ खरे ठरत होते, घर वाचत होतं, फक्त एक सही. हे माझ्याकडे बघत नव्हते. दाराबाहेरच्या शिडीकडे बघत होते.

मी पुढे आले आणि साहेबांच्या हातातलं रजिस्टर घेऊन त्यांच्यापुढे उघडून ठेवलं. "म्हणाले होते. चुकले होते. हे सोमवारचं पान बघा. अक्षर यांचं. आकडा नऊ. आंधळ्याला दिसला का महाल? आता हे मंगळवारचं बघा. हे अक्षर माझं. आकडा तीन. माझे डोळे तर तुम्हाला चांगले हवे आहेत ना? मग मला का नाही दिसला?"

साहेबांनी दोन्ही पानं बघितली. मग मागची बघितली. एक सोमवार, दुसरा सोमवार, तिसरा. मला कळत होतं ते काय बघतायत. यांनाही कळलं होतं, यांनी डोळे मिटून घेतले होते.

"बाकीच्या सगळ्या सोमवारांचं अक्षर तुमचं आहे, बाई."

"हो."

"मग सोमवारी हे कुठं असतात?"

मच्छिंद्र मुकादम खोकले. आता गप्प राहायचं असेल तर याच क्षणी, असं मला वाटलं, आणि मी गप्प राहिले नाही. "महादेवाला असतात. मी बघते, मी लिहिते. दोघांनी बघून लिहिलंय. यात एक आकडा खोटा नाही."

साहेबांनी टाइप केलेला कागद घडी करून खिशात ठेवला. पेन काढलं. गोडवा कुठल्या कुठं गेला होता. "आकड्यांचा विषय संपला. बारा वर्षं दर सोमवारी विनापरवाना गैरहजर. तेवढंच बस आहे."

आदेश आठवड्याभरात आला. एक एप्रिलला ठाणं सोडावं. त्यात दृश्यतेबद्दल एक अक्षर नव्हतं. तीनचे तीनच राहिले, नऊचे नऊच राहिले. खोडायचे तर कारण लिहावं लागलं असतं, आणि कारण लिहायची साहेबांची तयारी नव्हती.

त्या गुरुवारी जीप गेल्यावर हे तोंड सोडतील म्हणून मी कंबर कसून बसले होते. संध्याकाळी यांनी कंदील पुसून लावला. मग म्हणाले, "सही केली असतीस तर राहिलो असतो इथं."

"हो."

"सगळे नऊ करणार होते."

"हो."

मी भांडी पोत्यात भरायला लागले. जायचं होतं नगरात, सावेडीला माझ्या भावाकडे, म्हणजे त्या धुराच्या अगदी उशाला. मला साहेबांचा राग होता, मुकादमांचा होता, महादेवाचाही थोडा होता, आणि विहिरीवरच्या माझ्या तोंडाचा सगळ्यांत जास्त होता.

शेवटचा दिवस सोमवार आला. आदल्या दिवशी नवा माणूस हजर झाला होता, कानिफनाथ म्हणून, राहात्याकडचा, बावीस-तेवीसचा. कामात सरळ वाटला. साडेआठ वाजता हे रजिस्टर घेऊन शिडीखाली उभे राहिले, चाळीस पायऱ्या चढल्यासारखे दमलेले. मला वाटलं, शेवटचं म्हणून स्वतः चढतील.

"अंबिका, तू जा वर," हे म्हणाले.

मी काष्टा सावरून चढले. चिंच, देऊळ, माळ, डोंगर. "महाल आहे," मी वरून सांगितलं. "स्वच्छ आहे. नऊ."

यांनी शाईनं नऊ लिहिलं. पेन्सिल कानावर होती, तिला हात लावला नाही. कानिफनाथ शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवून म्हणाला, "सर, तुमी वर जाऊन बघायचं न्हाई का? मला तर शिकवलंय, सही करनाऱ्यानं बघावं लागतं म्हून."

"हिनं बघितलंय," हे म्हणाले, आणि शाई वाळेपर्यंत रजिस्टर तसंच उघडं धरून उभे राहिले.